दोन्ही बाटल्यांवर ‘मीडियम बॉडी’, मग कियांती आणि रिओहात फरक कशाचा?

परदेशी वाइन स्वस्त होणार ही बातमी गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा आली, की आता जळगाव-धुळ्याकडचे लोकही विचारू लागलेत, स्वस्त झालीच तर घ्यायची कोणती? प्रश्न रास्त आहे. भारतात येणाऱ्या वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क लागत आलं. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला, तेव्हा पाच ते पंधरा डॉलरच्या बाटल्यांना ते १०० टक्क्यांवर आलं आणि पुढे टप्प्याटप्प्यानं आणखी उतरणार आहे. युरोपशी कराराची बोलणी चालली तेव्हाही वाइन हा वादाचा मुद्दा होताच. युरोपची वाइन म्हटली की फ्रान्स, इटली आणि स्पेन हे तीन देश आधी येतात. त्यातली फ्रेंच नावं बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेली असतात. इटली आणि स्पेनच्या बाटल्यांपाशी मात्र माणूस अडतो.

इटलीची कियांती आणि स्पेनची रिओहा. दोन्ही लाल, दोन्ही ड्राय (गोड नसलेल्या), किमतीही जवळपास आणि दोन्हींच्या वर्णनात ‘मीडियम बॉडी’. दुकानदाराला विचारलं तर तो सांगतो, “सारख्याच आहेत भाऊ, कोणतीही न्या.” त्याचंही चुकत नाही, कारण बाटलीवरच्या माहितीवरून त्या सारख्याच वाटतात. प्रत्यक्षात एकीची चव द्राक्षाच्या आंबटपणावर उभी आहे आणि दुसरीची लाकडी पिंपावर. ही एवढी गोष्ट डोक्यात बसली की बाकीचं सगळं तिच्यामागून येतं.

‘बॉडी’ म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे रश्श्याची तीन रूपं असतात. एक पाण्यासारखा पातळ, भाकरी कुस्करली की लगेच शोषला जाणारा. एक वाटणानं दाट झालेला, चमच्याला चिकटून राहणारा. आणि तिसरा मधला, घराघरातला रोजचा. मसाला तिखट की मिळमिळीत, त्याचा या दाटपणाशी संबंध नाही. पातळ रस्साही डोळ्यांतून पाणी काढू शकतो. वाइनची बॉडी म्हणजे हा दाटपणा, घोट तोंडात धरल्यावर जिभेला जाणवणारं वजन. त्यावरून चव कळत नाही.

हे वजन मुख्यतः अल्कोहोलमुळे येतं, बाकी द्राक्षाच्या सालीतून उतरलेल्या घटकांमुळे. ढोबळ हिशेब असा, की साडेबारा टक्क्यांच्या आत अल्कोहोल असलेली वाइन हलकी, साडेबारा ते साडेतेरा मध्यम आणि त्यावरची जड. हा हिशेब काटेकोर नाही. कियांती साधारण साडेबारा ते चौदा आणि रिओहा तेरा ते साडेचौदाच्या दरम्यान सापडते, तरी दोघींना मध्यमच म्हणतात. आपल्याकडे सर्रास मिळणारी शिराज किंवा कॅबर्ने सोव्हिन्यॉं सहसा यांच्यापेक्षा जड लागते.

पहिल्या घोटाला तोंड वाकडं का होतं?

आपल्याकडे ‘वाइन’ म्हणून अनेकांची पहिली ओळख गोड ‘पोर्ट’शी झालेली असते. त्या जिभेला कियांती दिली की पहिली प्रतिक्रिया ठरलेली, “ही बिघडलीय का?”

बिघडलेली नसते. द्राक्षातली साखर खाऊन यीस्ट तिचं अल्कोहोल करतं. ती जवळजवळ सगळी संपेपर्यंत आंबवलं की वाइन ड्राय, म्हणजे गोडी नसलेली होते. साखर गेली की मागे लपलेले दोन गुण उघडे पडतात. एक आंबटपणा, द्राक्षातल्या आम्लांचा. ही आम्लं जिभेच्या कडांना झोंबतात आणि तोंडाला पाणी सोडतात.

दुसरा तुरटपणा. त्याला कारण असलेल्या घटकाचं नाव टॅनिन. तो काही परका नाही. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जी खरखरीत होते ते टॅनिनमुळे. कच्चं केळं चाखून पाहिलेल्या रावेर-यावलच्या पोरांना तर हे सांगायलाच नको. फार उकळलेला कोरा चहा, सुपारी, डाळिंबाची साल, सगळीकडे हेच. लाळेतल्या प्रथिनांना टॅनिन धरून ठेवतं, त्यामुळे लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं.

म्हणजे आंबट पदार्थानं तोंडाला पाणी सुटतं आणि तुरटानं तोंड सुकतं. वाइन चाखताना हे दोन वेगळे ओळखता आले की अर्धं काम झालं. नवख्या माणसाची इथेच गल्लत होते, तो दोन्हीला ‘कडू’ म्हणून मोकळा होतो.

टॅनिन येतं सालीतून, बियांतून आणि लाकडी पिंपातून. लाल रंगही सालीचाच. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस फिकट, पांढुरकाच असतो. रस काढून सालं फेकली तर वाइन लाल होणारच नाही. म्हणून लाल वाइन करताना रस सालींसकट आंबवतात आणि काही दिवस ते काही आठवडे त्यांच्यातच मुरवतात. खायची थॉम्पसन आणि वाइनची द्राक्षं यांच्यातही हाच मोठा फरक आहे. वाइनचे मणी बारीक, बियांचे आणि रसाच्या मानानं सालीचे जास्त.

कियांती: आंबटपणावर उभी

इटलीच्या तोस्काना प्रांतात फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांमधल्या टेकड्यांचा भाग म्हणजे कियांती. तिथलं मुख्य द्राक्ष सांजोवेझे. साध्या कियांतीत ते किमान ७० टक्के आणि ‘कियांती क्लासिको’ या जुन्या गाभ्याच्या भागात किमान ८० टक्के असावं असा कायदा आहे.

सांजोवेझे उशिरा पिकतं. साल पातळ, आम्ल भरपूर, टॅनिनही बऱ्यापैकी. रंगानं मात्र ते फार गडद नसतं. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेला पाहिलं, तर मधला माणकासारखा लाल काठाकडे विटकरी होत गेलेला दिसतो आणि खालच्या कागदावरची अक्षरंही बऱ्याचदा वाचता येतात. शिराजच्या ग्लासातून हे होत नाही. वास आंबट चेरीचा, वाळलेल्या पाल्याचा, कधी टोमॅटोच्या झाडाची पानं चुरगळल्यासारखा. आपल्याकडे शेतात टोमॅटो बांधणाऱ्याच्या हाताला जो हिरवा वास लागतो, तो.

कियांतीचा इतिहास म्हणजे नियम करायचे आणि मग त्याच नियमांनी हात बांधून घ्यायचे, असा. १७१६ साली तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा यानं फर्मान काढून कियांतीच्या हद्दी आखल्या. वाइनसाठी कायद्यानं ठरवलेल्या जगातल्या सगळ्यात जुन्या हद्दींपैकी ही एक. पुढे १८७२ साली बेत्तिनो रिकासोली या जहागीरदारानं मिश्रणाचं सूत्र मांडलं: सांजोवेझे मुख्य, त्याला कानायोलो जोडीला आणि लवकर प्यायच्या वाइनमध्ये थोडं मालवाझिया हे पांढरं द्राक्ष. रिकासोली इटलीचा पंतप्रधानही होऊन गेला होता, म्हणून सूत्राला वजन आलं. पण १९६७ च्या नियमांत पांढरी द्राक्षं घालणं सक्तीचंच होऊन बसलं आणि कियांती पातळ झाली. गवताच्या वेष्टणातली गोल पोटाची बाटली, आत बेताची वाइन, अशी तिची जगभर प्रतिमा झाली. वाइन संपली की लोक त्या बाटलीत मेणबत्ती खोचायचे.

वैतागून काही उत्पादकांनी नियमच सोडले. ‘कियांती’ हे नाव लावता येणार नाही, साधी टेबल वाइन म्हणून विकावी लागेल, तरी चालेल म्हणून त्यांनी मनासारखी वाइन केली आणि ती कियांतीपेक्षा महाग विकली गेली. शेवटी नियमच झुकले. १९८४ साली कियांतीला इटलीतला सगळ्यात वरचा दर्जा मिळाला आणि क्लासिकोत २००६ च्या हंगामापासून पांढऱ्या द्राक्षांना बंदी आली. सरकारी निकष आणि चांगला माल यांची नेहमी गाठ पडतेच असं नाही, हे कापूस आणि केळीवाल्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको.

कियांतीत लाकूड वापरतात, पण जुन्या पद्धतीत ती पिंपं अवाढव्य असतात, काही हजार लिटरची. इतक्या मोठ्या पिंपात आतल्या वाइनच्या मानानं लाकडाला टेकलेला भाग थोडा. त्यामुळे लाकडाची चव फारशी उतरत नाही. वाइन शांत होते, टॅनिन मऊ होतं, एवढंच. द्राक्ष पुढे, लाकूड मागे.

रिओहा: पिंपाची करामत

रिओहा उत्तर स्पेनमध्ये, एब्रो नदीच्या खोऱ्यात. उत्तरेकडून येणारे अटलांटिकचे गार, ओले वारे कांताब्रियाच्या डोंगरांनी अडवलेले. तिथलं मुख्य द्राक्ष तेंप्रानियो. नावातच ‘लवकर’ आहे आणि ते पिकतंही लवकर. आम्ल बेताचं, टॅनिन मध्यम, चव लाल फळांची, पण स्वतःचा ठसा थोडा सौम्य. अशा द्राक्षावर पिंप आपली छाप सहज सोडतं. जोडीला गार्नाचा, ग्रासियानो, मासुएलो ही द्राक्षं थोडीथोडी घालतात.

पिंपाची सवय लागली ती शेजाऱ्यावरच्या संकटातून. १८६० च्या दशकापासून फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं फ्रान्सच्या बागा मुळापासून खाल्ल्या. बोर्दोच्या व्यापाऱ्यांना माल मिळेना, ते पिरेनीज पर्वत ओलांडून रिओहात उतरले. येताना २२५ लिटरच्या लहान पिंपात वाइन मुरवण्याची त्यांची रीत आणली. रिओहातल्या एक-दोन मोठ्या घराण्यांनी ही रीत आधीच उचललेली होती, व्यापाऱ्यांमुळे ती सगळीकडे गेली. १९ वं शतक संपता संपता कीड रिओहातही पोचली आणि फ्रेंच परत गेले. पिंपं राहिली. आजही रिओहाच्या तळघरांत दहा लाखांहून जास्त पिंपं आहेत.

त्या किडीवर उपाय निघाला तो अमेरिकेच्या जंगली द्राक्षवेलीच्या खुंटावर युरोपच्या वेलीचं कलम बांधण्याचा. आपल्याकडचे द्राक्षबागायतदार डॉगरिज खुंटावर कलम करतात, तो खुंटही अमेरिकेच्याच वेलीचा. आपल्याकडे कारण वेगळं, खारवट जमीन आणि पाण्याचा ताण.

आता मुद्द्याचं. रिओहानं लाकूड निवडलं अमेरिकन ओकचं. या लाकडात लॅक्टोन नावाचे सुगंधी घटक फ्रेंच ओकपेक्षा जास्त असतात, ज्यांचा वास खोबऱ्यासारखा येतो. शिवाय पिंप वाकवताना आणि भाजताना व्हॅनिलाचा वास देणारा घटक तयार होतो. लहान पिंपात वाइनला लाकूड भरपूर भेटतं आणि लाकडाच्या छिद्रांतून कणाकणानं हवाही मिळते. म्हणून रिओहाच्या ग्लासात नाक घातलं की आधी व्हॅनिला, सुकं खोबरं, थोडा तंबाखूच्या पुडीसारखा वास, आणि मग फळ. कियांतीत हा क्रम उलटा.

किती काळ मुरवली त्यावरून तिचे दर्जे ठरलेले आहेत आणि हे रिओहाचं ग्राहकाच्या सोयीचं वैशिष्ट्य आहे. लाल ‘क्रियांसा’ म्हणजे किमान दोन वर्षं मुरलेली, त्यातलं एक वर्ष पिंपात. ‘रेझेर्वा’ तीन वर्षं, त्यातलं किमान एक पिंपात. ‘ग्रान रेझेर्वा’ पाच वर्षं, त्यातली किमान दोन पिंपात आणि दोन बाटलीत. बाटलीच्या मागे रंगीत शिक्का असतो, त्यावर हा दर्जा लिहिलेला असतो. तुमच्यासाठी वाट पाहायचं काम उत्पादकानं आधीच उरकलेलं असतं. कियांतीतही ‘रिझेर्वा’ आहे, क्लासिकोसाठी ती २४ महिन्यांची, पण तिथे त्यातले किती महिने लाकडात यावर इतका जोर नाही.

सगळे उत्पादक असंच करतात का?

नाही. हल्ली रिओहात फ्रेंच ओकची पिंपं वापरणारे पुष्कळ झालेत आणि पिंप न दाखवलेली ताजी रिओहाही मिळते. उलट काही कियांतीवाले लहान नवी पिंपं आणून व्हॅनिलाचा मारा करतात. मला स्वतःला अशी कियांती आवडत नाही. तिच्या आंबटपणावर व्हॅनिला थापला की दोन्ही वाया जातं. पण वर सांगितलेला फरक मळलेल्या वाटेचा आहे आणि पहिली बाटली घेणाऱ्याला तो पुरेसा आहे.

जितकी जुनी तितकी चांगली, हो ना?

बहुतेक वाइनसाठी हे खोटं आहे. साधी कियांती तीन-चार वर्षांत संपवावी. क्रियांसाचंही तसंच. जुनी होण्यासाठी वाइनमध्ये आम्ल आणि टॅनिन यांचा साठा लागतो. ग्रान रेझेर्वा किंवा चांगली क्लासिको रिझेर्वा दशकभर टिकते, तीही बारा-चौदा अंशांच्या अंधाऱ्या तळघरात. आपल्या कपाटात नाही.

जळगावचा उन्हाळा आणि ‘रूम टेंपरेचर’

लाल वाइन थंड करायची नसते, ‘रूम टेंपरेचर’ला प्यायची, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण ती रूम युरोपातल्या जुन्या दगडी घरातली, सोळा-अठरा अंशांची. जळगाव-भुसावळला मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळीसच्या घरात आणि घरात पस्तीसच्या वर. त्या तापमानाला कोणतीही लाल वाइन प्यायली तर आधी अल्कोहोलची वाफ नाकात जाते, फळ उकडल्यासारखं लागतं आणि तुरटपणा विस्कटतो. इतकी चांगली वाइन अशी वाया गेली की दोष बिचाऱ्या इटलीला.

म्हणून आपल्याकडे लाल वाइनही थंड करायचीच. पस्तीस अंशांची बाटली फ्रिजमध्ये दोन-अडीच तास ठेवली की ती सोळा-अठराच्या आसपास येते. घाई असेल तर बर्फ आणि पाणी अर्धंअर्धं असलेल्या पातेल्यात पंधरा मिनिटं पुरतात. नुसत्या बर्फापेक्षा पाणी घातलेला बर्फ लवकर काम करतो, कारण पाणी बाटलीला चारही बाजूंनी भिडतं. कियांती थोडी जास्त गार चालते. रिओहाला फार गार केलं तर तिचा व्हॅनिला मिटून जातो आणि लाकडाचा तुरटपणा तेवढा पुढे येतो. फ्रिजमधून काढलेली बाटली टेबलावर ठेवली की बाहेर घाम सुटतो. तो पुसून, ओतून, पाच मिनिटं थांबलात तर दोन अंश ती आपोआप चढते.

साठवणुकीचा त्रास यापेक्षा मोठा. ट्रकमध्ये, गोदामात, दुकानाच्या उन्हातल्या काचेमागे आठवडे काढलेली बाटली आतून शिजलेली असू शकते. गरम झालेली वाइन फुगते आणि बुचाला वर ढकलते. घेताना बुचावरची धातूची किंवा प्लॅस्टिकची टोपी बोटांनी हलकेच फिरवून बघा. आतून वाइन पाझरून वाळली असेल तर ती चिकटलेली असते, बुडाशी चिकट ओघळही दिसतो. बूच फुगून वर आलेलं हाताला लागलं तर ती बाटली परत ठेवा. दुकानात एसीजवळ, आतल्या अंधाऱ्या फळीवर ठेवलेली मागावी. घरी आणल्यावर स्वयंपाकघरात ओट्याच्या वरच्या कपाटात ठेवू नका, कारण घरातली सगळ्यात गरम जागा तीच असते. फ्रिजचा भाजीचा कप्पा बरा.

भरीत, बट्टी आणि शेवभाजी

वाइन आणि जेवण यांच्या जोड्या लावणारे लेख चीज आणि पास्त्यात अडकतात. आपलं ताट वेगळं आहे, म्हणून नियमाऐवजी कारणं समजून घेऊ.

तिखटानं तोंडाची आग झाली की अल्कोहोल ती आग वाढवतं आणि टॅनिन त्या भाजलेल्या जिभेवर आणखी खरखरतं. म्हणून काळ्या मसाल्याची, तर्री वर आलेली शेवभाजी आणि लाल वाइन हे लग्न टिकत नाही. कियांती काय, रिओहा काय, दोघीही मार खातात. शेवभाजीबरोबर ताकच.

भरिताचं मात्र वेगळं. बामणोदकडची ती लांबट, हिरवी, पांढऱ्या रेघांची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली की त्यांच्या गरात धूर उतरतो. लाकडाच्या धुरात ग्वायाकॉल नावाचा एक घटक असतो, आपण ज्याला धुरकट वास म्हणतो त्याचा मोठा भाग त्याचाच. पिंप आतून भाजतात तेव्हा ओकमध्येही हाच घटक तयार होतो. म्हणजे भरीत आणि रिओहा क्रियांसा यांच्यात धुराचं खरोखरचं नातं आहे, कवीकल्पना नाही. एकच अट, हिरव्या मिरच्यांवर हात आखडता घ्या. खानदेशात हे सांगणं धाडसाचं आहे, कल्पना आहे मला.

वरण-बट्टीला कियांती. बट्टी तुपात न्हालेली, वरणावर परत तुपाची धार, आणि तुपाच्या थराला कापायला आंबटपणा लागतो. म्हणूनच आपण लिंबाची फोड पिळतो. कियांतीचं आम्ल तेच काम करतं आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. तिकडे तोस्कानातले लोक टोमॅटोच्या आंबट पदार्थांबरोबर हीच पितात, कारण आंबट जेवणापुढे कमी आंबट वाइन पाण्यासारखी वाटते.

खापरावरच्या मांड्यांबरोबर दोन्हींचा नाद सोडा. पुरणाच्या गोडीपुढे ड्राय वाइन व्हिनेगरसारखी लागेल.

“हाई ते दारूच शे ना?”

हो, दारूच आहे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असा युक्तिवाद जोरात झाला आणि विरोधही तितकाच झाला. द्राक्षउत्पादकाला बाजार मिळावा हा मुद्दा मला पटतो. ‘दारू नव्हे’ हा मुळीच पटत नाही.

मोहाची दारू किंवा व्हिस्की आंबवून मग भट्टीवर उकळून, वाफ थंड करून काढतात, म्हणून तिच्यात अल्कोहोल गोळा झालेलं असतं. वाइन नुसती आंबवतात. फरक तीव्रतेचा आहे, पदार्थाचा नाही. हिशेब मांडू. साडेतेरा टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास म्हणजे सुमारे २० मिली शुद्ध अल्कोहोल. भारतात सहसा ४२.८ टक्क्यांची मिळणारी व्हिस्की, तिचा ६० मिलीचा पेग म्हणजे सुमारे २६ मिली. आणि वाइनची अख्खी ७५० मिलीची बाटली म्हणजे १०० मिलीच्या वर, चार पेगांच्या बरोबरीची. एका बैठकीत एकट्यानं बाटली संपवून ‘वाइनच तर होती’ म्हणणाऱ्यानं हा आकडा लक्षात ठेवावा.

मग ‘लाल वाइन हृदयाला चांगली’ हे कुठून आलं? १९९१ साली एका अमेरिकी टीव्ही कार्यक्रमानं सांगितलं, की फ्रेंच माणसं लोणी-चीज भरपूर खाऊनही त्यांना हृदयविकार कमी होतो आणि त्याचं श्रेय लाल वाइनला असावं. अमेरिकेत लाल वाइनची विक्री उसळली. पुढे सालीतल्या रेझव्हेराट्रॉल या घटकाचं नाव गाजलं, पण वाइनमध्ये तो इतका कमी असतो की त्याचा उपयोग व्हावा एवढी प्यायची तर आधी यकृत जाईल. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं, की आरोग्याला अजिबात धोका नाही असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही. औषध म्हणून पिणार असाल तर पिऊ नका. महाराष्ट्रात वाइन घ्यायला आणि प्यायला परवानाही लागतो.

शुल्क उतरलं तर बाटली किती उतरेल?

बातमी वाचून जेवढी वाटते तेवढी नाही. समजा बंदरावर बाटलीची किंमत ६०० रुपये. १५० टक्के शुल्क म्हणजे ९०० रुपये, झाले १५००. शुल्क १०० टक्के झालं तर १२००. शुल्क एक-तृतीयांशानं घटलं, पण बाटली पाचव्या हिश्शानंच उतरली. वर राज्याचे कर आणि आयातदारापासून दुकानदारापर्यंत प्रत्येकाचा नफा. मद्य जीएसटीबाहेर आहे, त्यामुळे राज्यानं आपला कर हलवला नाही तर दिल्लीतल्या घोषणेचा पुरता परिणाम धुळ्याच्या दुकानात दिसणार नाही.

तोवर चव ओळखायची असेल तर लांब जायची गरज नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला फ्रातेल्ली ही कंपनी सांजोवेझे लावते, त्यांच्या वाइनमागे कियांतीचाच जाणकार पिएरो मासी आहे. तेंप्रानियोसाठी ग्रोव्हर झांपाची ‘शेन’ आहे, शिराजबरोबर मिसळलेली आणि पिंपात मुरवलेली. महाराष्ट्राच्या उन्हात द्राक्ष लवकर आणि भरपूर पिकतं, आम्ल पटकन घटतं, म्हणून इथली सांजोवेझे कियांतीपेक्षा मऊ आणि कमी आंबट लागते. हिवाळ्यानंतर, जानेवारी ते मार्चमध्ये इथे तोडणी होते. तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात.

पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी क्रियांसा सांगेन. व्हॅनिलाचा ओळखीचा वास असल्यानं ती बुजवत नाही आणि मागच्या शिक्क्यावर दर्जा वाचता येतो. कियांती जेवणाबरोबरच उघडा, नुसती प्यायला ती रुसते. घेताना गळ्यावर काळ्या कोंबड्याचं चिन्ह बघा. ते असलं तर बाटली क्लासिकोची, नुसतंच ‘कियांती’ लिहिलेलं असलं तर आजूबाजूच्या मोठ्या पट्ट्यातली, बहुधा स्वस्त आणि हलकी. बाटली उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. कियांती तीन दिवस बरी राहते, रिओहा चौथ्या दिवसापर्यंत ओढते.